शुभाच्या केकचं भांडं

१८ नोव्हेंबर ७३, रविवार

ठण्-ठण्-ठक्. ठण्-ठण्-ठक्. दुपारी डोळा लागता लागता कानात तोच आवाज. इतवारी बाजारातल्या आमच्या शाळेच्या मागे तांबटांची आळी होती. मास्तर कविता म्हणायला लावीत आणि भिंतीपलीकडून हातोडे ताल धरीत. साऱ्या वर्गाची कविता त्यांच्याच चालीवर जायची. अमावास्येला तांबटांचं काम बंद, त्या दिवशी आम्ही तिसऱ्या ओळीवर अडखळायचो आणि मास्तर म्हणायचे, काल तर येत होती.

जागा झालो तो लेक मालती कन्हानहून, सासरच्या गावाहून, आलेली. महिन्यातल्या एका रविवारी तिला तिच्या पोरीला, शुभाला, भेटू देतात. तेही अंगणात, सासू ओट्यावर बसलेली. दोन वर्षं झाली मा. ला, म्हणजे मालतीला, माझ्याकडे येऊन. जावयाने हात उचलला, पहिल्यांदा नव्हे, तेव्हा नेसत्या लुगड्यानिशी निघाली. शुभाला त्यांनी ठेवून घेतलं.

आज चेहरा जरा उजळ. सोळा डिसेंबरला शुभाचा वाढदिवस, रविवारच येतो, तर एक दिवस नागपूरला धाडतो, असं जावई स्वतः म्हणाला. आठ वर्षांची होईल. पोरीने आईच्या कानात मागितलं काय, तर केक. खाणीतल्या साहेबाच्या मुलीकडे पाहिलेला.

"गोल, उंच अन् वरून सपाट. हातानं दाखवला मले, बाबा. एवढा."

मालतीने तो 'एवढा' मला हातांनी दाखवला आणि बराच वेळ हात खाली घेतले नाहीत.

भांडं मी आणतो म्हणालो. इतवारी माझी आहे.

२० नोव्हेंबर

घरात केकला चालेल असं एकही भांडं नाही. पातेली सगळी बुडाशी गोल. डबे उंच पण अरुंद. परात म्हणजे परातच.

शेजारच्या ग्रेसबाईंकडे गेलो. नर्स होत्या, आता रिटायर. नाताळात त्यांच्या घरचा वास आमच्या न्हाणीपर्यंत येतो. त्यांच्याकडे गोल विजेचा ओव्हन आहे, अॅल्युमिनियमचा, झाकणाला काचेचा डोळा. तो लगेच देऊ केला. भांडं मागितलं तर म्हणाल्या, "ओव्हन न्या, भाऊ. भांडं नाही देत. भांडं अन् नवरा उसना नसते द्यायचा."

मग भांडं कसं पाहायचं ते सांगितलं. काठ सरळ उभे हवेत, पसरट नकोत, नाहीतर केक कडेने आधी वाळतो. स्टील नको, त्यात खालून करपतं आणि मध्ये कच्चं राहतं. पातळ पत्रा नको, तापला की वाकतो. आतून जोड नको, पीठ तिथेच धरतं. ओव्हनच्या आत चहूबाजूंनी दोन बोटं जागा सुटली पाहिजे, गरम हवेला फिरायला.

सुतळीने ओव्हनचा आतला घेर मोजून खिशात ठेवला.

मा. ने वेगळीच अडचण काढली. कन्हानला अंडं चालत नाही. पोरीला इथे अंडं चारलं असं कळलं तर पुढच्या वेळी न धाडायला तेवढंच निमित्त. म्हणून दह्यातला, सोडा घालून.

२२ नोव्हेंबर

इतवारीत गेलो. हातगाड्या, बैल, टेम्पो, सगळे एकाच बोळात. आमच्या शाळेच्या जागी आता कापडाचं गोदाम आहे, ते पाहत उभा राहिलो तर एका हमालाने बाजूला सारलं. "आजोबा, सपन नंतर पाहा."

भांड्यांच्या दुकानात:

"केकचं म्हंजे कसं?"

"गोल. उभ्या काठाचं."

"मंग ढोकळ्याचं घ्या ना. केक काय आसमानातून पडते?"

स्टीलचं पुढे केलं, नको म्हटलं. पत्र्याचं दाखवलं, आतून जोड. मग वरच्या फळीवर एक पितळी भांडं दिसलं. जाड, काठ एकदम सरळ, आतून ताजी कल्हई. बोटाने वाजवलं तर किती वेळ घुमत राहिलं. ताजव्यात टाकलं तेव्हा दुसरं पारडं वरच गेलं. भांडं असावं तर असं. आमच्या पिढीत चांगलं भांडं म्हणजे जड भांडं, दुसरी ओळखच नव्हती. सुतळी लावून पाहिली, बरोबर बसतं.

ग्रेसबाई पितळेला नको म्हणाल्या नव्हत्या.

परतताना भांड्यांवर नावं घालणारा दिसला, गोणपाटावर बसलेला, छिन्नी आणि हातोडी घेऊन. एकदम सुचलं. चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले, उलटी अक्षरं माझ्या बोटांना सुलटीपेक्षा जवळची. भांड्याच्या तळाला आतून उलटं नाव कोरलं तर केक पालथा केल्यावर वरती सुलटं उमटेल. छपाईच ती. शाई नाही इतकंच.

कागदावर उलटं 'शुभा' काढून दिलं. त्याने कागद फिरवून फिरवून पाहिला.

"काका, उलटं काहून?"

"तू काढ, तुला कळेल."

"लोक नाव वाचाले टाकतात, तुमी लपवाले टाकून राहिले."

त्याची हातोडी चालू झाली आणि मी तिथेच, गोणपाटाच्या कडेला, उकिडवा बसून राहिलो. चौथीच्या पुस्तकातली पाखराची कविता जवळजवळ सगळी आठवली.

२३ नोव्हेंबर

मा. ला भांडं दाखवलं. बोट फिरवत राहिली अक्षरांवरून. "तिचं नाव उमटन यावर?" एवढंच. मग पदराने भांडं पुसलं, पुसायला काही नसताना.

हाताने फिरवायचं एक फेटणंही आणलं होतं मी, दोन चाकांचं. ग्रेसबाई कुंपणावरून: "अंडीच नाहीत तर भाऊ काय फिरवून राहिले? हवा?" मा. हसली. या घरात ती कधी हसली होती शेवटची, सांगता येत नाही.

२५ नोव्हेंबर, रविवार

आज केला. सकाळपासून मैदा चाळला दोनदा, साखर कुटली. रेशनची साखर ओलसर, गाठी. दही, सोडा, लोणी. भांड्याला आतून तूप लावून पीठ भुरभुरलं. ओव्हनच्या काचेच्या डोळ्यात आम्ही बापलेक आळीपाळीने डोळा लावून.

पितळ तापायलाच किती वेळ. वरून रंग येईना. ग्रेसबाई दोनदा येऊन गेल्या. शेवटी काढला, निवू दिला, परातीवर पालथा केला.

नाव उमटलं होतं. सुलटं, स्वच्छ, एकही काना मोडला नव्हता.

हिरवं.

छिन्नीने कल्हई कापली गेली होती. खाली उघडं पितळ आणि त्यावर आंबट दही. कळकलं. लहानपणापासून माहीत असलेली गोष्ट. बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवू नये, हे कोणत्याही घरात पोरींनासुद्धा सांगावं लागत नाही. मी स्वतः पैसे देऊन ती कल्हई खरवडून आणली.

ग्रेसबाईंनी बोटाने अक्षराला स्पर्श केला, वास घेतला.

"नाव लई सुंदर आलं, भाऊ. पण खाणार कोन?"

केकचे तुकडे करायलाही मा. चा हात होईना, तेव्हा मीच मागच्या झाडाच्या आळ्यात पुरला. गाय तरी खायला नको.

हिरव्या अक्षरांतलं ते नाव डोळ्यांपुढून जात नाही. इतकी वर्षं पानं जुळवली, असा नमुना एकदाही हातून निघाला नव्हता.

२८ नोव्हेंबर

पितळी भांडं माळ्यावर.

मा. म्हणाली, या वेळी मी पाहते. ती नोकरी करते त्या शाळेतून सुटल्यावर परस्पर गेली, बेकरीवाल्यांना साचे करून देणाऱ्याकडे. मी बरोबर गेलो पण बोललो नाही. तिने वाजवून बघितलं नाही, तोललं नाही. फरशीवर ठेवलं, काठावर एका बाजूने बोट दाबलं, डुगडुगतं का पाहिलं. आतून बोट फिरवून जोड कुठे आहे ते शोधलं. उजेडाकडे धरून तळ सगळीकडे सारखा जाड आहे का पाहिलं. तीन परत केली. चौथं घेतलं, साधं जाड अॅल्युमिनियमचं, मळकट रंगाचं, दिसायला काहीच नाही.

दुकानदार म्हणाला, "ताई, नवरी पाहाले आल्यावानी पाहून राहिल्या."

"नवरीले कोणी एवढं नाही पाहत," मा. म्हणाली. "पाहिलं असतं तर बरं झालं असतं. नवऱ्यालेही."

तो नवरा मी पाहिला होता. ताजव्यात टाकून, वाजवून.

रस्त्यात विचारलं, "नाव घालायचं का याच्यावर? बाहेरून?"

"नाव नको, बाबा."

२ डिसेंबर, रविवार

नव्या भांड्यात पहिला. अर्ध्यात वीज गेली. आली तोवर मध्ये खड्डा. मा. ने खड्ड्यात बोट घालून पाहिलं, न चाखताच म्हणाली, "चव बरी आहे." मग ते बोट पाण्याने धुतलं. स्वतः मात्र काही खाल्लं नाही.

मी दोन तुकडे खाल्ले. गोड फार नाही. तुझी आई असती तर वेलदोडा घाल म्हणाली असती, असं म्हणालो. मा. ने वेलदोडा काढून ठेवला पुढच्या खेपेसाठी.

५ डिसेंबर

आज झाला. उंच, वरून जवळजवळ सपाट. भांड्यातून एका हिसक्यात सुटला, तळाला कणही चिकटला नाही. चाळणी पालथी घालून तिच्यावर निववला, ग्रेसबाईंनी सांगितल्याप्रमाणे, म्हणजे खालून घाम धरत नाही. ग्रेसबाईंनी तुकडा तोंडात टाकून डोळे मिटले. "अंड्याचा नाही म्हणून माफ करते."

मालती म्हणाली, "आता दहा-बारा दिवस, बस." कोनाड्यातून शुभाचा जुना फ्रॉक काढून बघत बसली. आता तो पोरीला खांद्यालाही येणार नाही.

मी बाहेर ओट्यावर. थंडी पडू लागली आहे. कवितेतली थंडी नेहमी दवबिंदूंची असायची. आमच्या आळीतली कोळशाच्या धुराची.

१० डिसेंबर

जावयाच्या कचेरीतला एक माणूस नागपूरला काही कामाने आला होता, त्याच्या हाती निरोप. दारातच उभा राहिला, चहा नको म्हणाला. निरोप पाठ केल्यासारखा म्हणून दाखवला. पोर नागपूरला येणार नाही. आईला एवढी माया असेल तर तिनेच घरी यावं, कायमचं यावं, नोकरी सोडून यावं. नाहीतर महिन्यातला रविवारसुद्धा बंद.

माणूस गेल्यावर मा. ने आत जाऊन भांडं घासलं. ते घासलेलंच होतं.

१३ डिसेंबर

आज जेवताना मीच विषय काढला.

"तू जाणार आहेस का?"

"पोर माही आहे, बाबा."

"अन् तू माझी."

"मंग तुमी जाल माह्याऐवजी? थो मारन तर तुमाले मारन?"

मी भात कालवत राहिलो.

"मले काहून इचारता," ती म्हणाली. "मलेच मालूम नाही."

रात्री तिच्या खोलीत ट्रंक सरकवल्याचा आवाज. लिहावं की नाही कळत नाही, पण ही वही माझीच आहे. पोर यावी असं मला वाटतं. मालती जाऊ नये असंही. एक मागितलं की दुसरं हातचं जातं. शाळेत असताना अशा गोष्टींच्या कविता आम्ही टाळ्या वाजवत म्हणायचो.

१५ डिसेंबर

मालतीने सुट्टी घेतली. दुपारी केक. मी मदतीला नव्हतोच, पण ओव्हनजवळ बसून होतो. वीज गेली नाही. पीठ ओतल्यावर तिने भांडं फरशीवर दोनदा हलकं आपटलं, हवेचे बुडबुडे जायला. वेलदोड्याचा वास कुंपणापलीकडे गेला, पण ग्रेसबाई या वेळी आल्या नाहीत. मा. ने सांगून ठेवलं असावं.

झाला तो असा झाला की पाहवेना. तिने दाखवला होता तसाच. एवढा.

मैद्याचे हात धुताना म्हणाली, "उद्या संध्याकाळच्या बसनं जाते. केक देऊन येते."

"देऊन येतेस?"

ती हात धूत राहिली. पण ट्रंक पलंगाखालून निघून भिंतीशी उभी आहे, ते मी पाहिलं. केक द्यायला ट्रंक लागत नाही.

१६ डिसेंबर, रविवार

सकाळ. शुभा आठ वर्षांची झाली. देवापुढे निरांजन लावलं मालतीने. पोरीच्या नावाने औक्षण कोणाला करणार, तर तबक तसंच समोर धरून उभी राहिली थोडा वेळ.

ग्रेसबाई येऊन गेल्या. ट्रंक बघितली. माझ्याकडे बघितलं. मा. ला म्हणाल्या, "मी वॉर्डात फार बाया पाहिल्या वं. सगळ्या म्हणत, पायरीवरून पडली." मा. म्हणाली, "पोरगी तिथं आहे, बाई." त्या गेल्या. जाताना ओव्हन नेला नाही, राहू द्या म्हणाल्या. कशासाठी कोण जाणे.

दुपार. मोठ्या डब्यात केक बसवला तिने. बसेल की नाही धास्ती होती, बसला, वर बोटभर जागा उरली. बटर पेपर खाली, वर स्वच्छ पंचा. मला म्हणाली, "बाबा, औषध वेळेवर घेत जा. शनिवारी रेशन आणाचं आहे." हे सांगायची तिला गरज नव्हती. मग कळलं काहून सांगून राहिली.

नको जाऊ म्हणायला ओट्यावर तीनदा गेलो, तीनदा परत आलो. जुळवायला खिळे होते, वाक्य जुळेना.

संध्याकाळ. पाणी आणायला आत आलो आहे. हे घाईत.

मालती चप्पल घालत होती. डबा छातीशी, ट्रंक पायाशी. रिक्षा बोलवायला मी कडी काढली तर दारात बाई उभी. आधी ओळखलंच नाही. पायांवर धूळ, पदर डोक्यावरून, दम लागलेला. विहीणबाई. शुभाची आजी. लग्नानंतर या घराच्या पायरीला पाय लावला नव्हता त्यांनी. एकट्या. पोर बरोबर नाही, मी गल्लीच्या टोकापर्यंत नजर टाकली.

ट्रंक पाहिली त्यांनी.

"कुठं निघाली वं?"

मालती म्हणाली, "तुमच्याचकडे."

"नोको येऊ."

मालतीला कळलं नाही. मलाही नाही.

"पोरगी कालपासून जेवली नाही. म्हणे, आई केक आणन तवाच खाईन. थो कालपासून बाटली घेऊन बसला आहे, दाराकडं तोंड करून. तुहीच वाट पाहून राहिला." दम घेतला. "त्याले सांगतलं, देवळात जातो. डबा माह्याजवळ दे. मी खाऊ घालतो तिले. तू नोको येऊ, मालती. मी माय आहे त्याची, मी सांगून राहिली."

आत या म्हणायचं माझं राहूनच गेलं. त्या उंबऱ्याबाहेर, हात पुढे केलेले. मालती उंबऱ्याच्या आत, दोन्ही चपला पायात.

"ती माह्या हातचं खाईन म्हणाली," मालती म्हणाली.

"हात तुहाच आहे ना त्याले."

तांब्या भरला आहे. दारातून दिसतं आहे, विहीणबाईंचे हात तसेच पुढे, आणि डबा अजून मालतीच्याच हातात.